गवत्या आणि तळ्यातलं रान

डोळ्यांपुढे एक तळं आणा. कुठलंही चालेल, पण जमल्यास पूर्व विदर्भातलं आणा, भंडारा-गोंदियाकडचं, धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून अडवलेलं. तिकडे त्याला मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या लोकांनी असे तलाव गावोगाव बांधले. आजही ते हजारांनी आहेत. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, गेली तेव्हा तलाव सरकारकडे आले आणि मासेमारी ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे. इतकी ओळख पुरे. आता पाळीवर बसा. पावसाळा सरून महिना-दीड महिना झाला आहे, गाळ खाली बसला आहे, पाणी निवळलं आहे.

आधी वरवर पाहा. काठाला पानकणीस उभं आहे. थोडं आत कुमुदाची गोल पानं पसरली आहेत आणि त्यांच्यावरून कमळपक्षी लांबलचक बोटं टाकत चालला आहे. वरवर पाहण्यासारखं इतकंच. आता नजर पाण्यात उतरू द्या. तिथे दाट हिरवं रान आहे. हायड्रिलाच्या लांब दोऱ्यांसारख्या फांद्या, त्यांच्या पेराभोवती बारीक पानांची वलयं. सेराटोफायलमचे मुळं नसलेले, पाण्यात नुसतेच तरंगणारे झुबके. वॅलिस्नेरियाच्या फितीसारख्या पट्ट्या, तळातून सरळ वर येणाऱ्या. शाळेत ऑक्सिजनचा प्रयोग दाखवायला काचेच्या नरसाळ्याखाली जी वनस्पती ठेवतात, ती यांच्यातलीच.

हे रान नको आहे, असं आपण म्हणतो. त्याला तण म्हणतो. हे म्हणणं लगेच खोडू नका आणि मान्यही करू नका. नुसतं मनात धरून ठेवा.

भर दुपारी या रानाकडे पाहिलंत तर पानांवर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. तो ऑक्सिजन आहे. उन्हात वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि ऑक्सिजन सोडते. आता सूर्य मावळू द्या. रात्र होऊ द्या. अन्न तयार करणं थांबलं, श्वास मात्र थांबला नाही. तेच रान आता पाण्यातला ऑक्सिजन घेऊ लागतं, मासे घेतात, गाळातले जिवाणू घेतात. रान विरळ असेल तर काही बिघडत नाही. ते पाणी गच्च भरेल इतकं वाढलं असेल, तर पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. दुपारी जे श्वास पुरवत होतं तेच पहाटे तो काढून घेतं. वनस्पती तीच आहे, तिचा स्वभावही तोच आहे. फरक फक्त ती किती आहे याचा.

या ‘किती’पाशी थोडा वेळ थांबा. पुढचं सगळं तिथूनच निघतं.

रान इतकं वाढलं कशाने? वरच्या शेतातलं खत पावसाबरोबर उतरतं. गावाचं सांडपाणी उतरतं. वर्षानुवर्षं गाळ न काढल्यामुळे तळं उथळ होतं आणि ऊन तळापर्यंत पोचतं. नत्र आहे, स्फुरद आहे, ऊन आहे. मग काहीतरी वाढणारच. पाण्याखालचं रान म्हणजे तळ्यात आलेल्या खताला मिळालेलं एक रूप आहे. ते उपटलं, जाळलं किंवा कुणाला खाऊ घातलं तरी खत तिथेच उरतं. ते दुसरं रूप शोधतं.

आणि तरीही ढिवराची तक्रार खरी आहे. ओढजाळं टाकलं की रानात अडकतं, फाटतं. ओढलं तर माशांपेक्षा हिरवा भारा जास्त येतो. कटला, रोहू, मृगळ यांना फिरायला मोकळं पाणी लागतं. पाळीवर बसून रानाचं कौतुक करणाऱ्याला जाळं विणावं लागत नाही, हे आपण स्वतःशी कबूल करून पुढे जाऊ.

आता पाण्यात एक मासा सोडा. मनातल्या मनात. लांबट, नळीसारख्या गोलाईचा, पाठ राखट हिरवी, पोट पांढरट. खवले मोठे आणि काठाला गडद, त्यामुळे अंगावर जाळीची नक्षी दिसते. मिशा नाहीत. महाराष्ट्रातले मत्स्यपालक याला गवत्या म्हणतात. ग्रास कार्प हे नावही सगळीकडे चालतं. बोटभर असतानाच याची खरी भूक सुरू होते. त्याहून लहान असतो तेव्हा तो पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातो. मग वळतो हिरवळीकडे.

त्याच्या तोंडात पाहा. जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते पार आत, घशात. दोन्ही बाजूंना, करवतीसारख्या खाचा असलेले. हायड्रिलाची फांदी ओठांत धरायची, झटका देऊन तोडायची, आत ओढायची आणि घशातल्या दातांनी वरच्या कठीण गादीवर घासून चिरायची. पान चिरलं गेलं की पेशी फुटतात आणि आतला रस मिळतो. ज्या पेशी फुटल्या नाहीत त्या तशाच पुढे जातात, कारण पेशींच्या भिंती पचवण्याची ताकद या माशात फारशी नाही. त्याला जठर नाही. आतडं अंगाच्या लांबीच्या दोन-तीन पट, शाकाहाऱ्याच्या मानाने आखूडच. म्हणून त्याला खूप खावं लागतं. पाणी उबदार असताना वाढत्या वयाचा गवत्या दिवसाकाठी स्वतःच्या वजनाइतकी ओली हिरवळ संपवू शकतो. थंडीत पाणी गार झालं की त्याचं खाणं मंदावतं.

आणि जे खातो त्यातलं निम्म्याच्या आसपास अर्धवट पचून मागे पडतं. तो हिरवा चुरा हळूहळू खाली जाताना पाहा. त्यातला काही सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, उचलतो, काही कुजून पाण्यात विरघळतो. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवंग, वाढतात आणि चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, ते गाळून खातो. चीनमधल्या तळ्यांत गवत्या, चंदेरा आणि त्यांचे भाऊबंद शेकडो वर्षं एकत्र वाढवले जातात ते याच हिशेबाने. एकाच्या मागे पडलेल्यावर दुसरा जगतो. आपल्याकडच्या मिश्र मत्स्यशेतीत कटला, रोहू, मृगळाच्या जोडीला चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस आले तेही असेच. त्यात गवत्याचा वाटा थोडाच ठेवतात, शंभर बोटुकल्यांत, म्हणजे बोटभर पिल्लांत, दहाच्या आसपास.

इथे एक गोष्ट सावकाश तपासून बघा. गवत्याने रान खाल्लं म्हणून तळ्यातलं खत कमी झालं का? नाही झालं. ते पानातून पाण्यात आलं. खत तळ्याबाहेर जातं ते मासा जाळ्यात येऊन बाजारात गेला की. गवत्या सोडला आणि काढलाच नाही, तर तण हटवलं असं म्हणण्यापेक्षा तण विरघळवलं असं म्हणणं जास्त खरं.

आता या माशाची आवड पाहू. हायड्रिला त्याला फार आवडतं. नाजास, सेराटोफायलम, पाण्यावर तरंगणारी बारीक लेमना, अझोला, हेही तो खातो. कमळाची राठ पानं, पानकणीस यांच्या वाट्याला तो सहसा जात नाही. आणि जलपर्णी? कोल्हापूरकडे जिला केंदाळ म्हणतात, जी पंचगंगेवर, मुळा-मुठेवर, उजनीच्या फुगवट्यावर हिरवी चादर घालते, तिच्याकडे तो जवळजवळ ढुंकूनही पाहत नाही. भूक अगदीच अनावर झाली तर कोवळी मुळं कुरतडेल, एवढंच. नदीतली जलपर्णी घालवायला मासे सोडू, असं कुणीतरी अधूनमधून उत्साहाने सुचवतं. ते होणार नाही. जलपर्णीवर जगणारे निओकेटिना जातीचे भुंगेरे वेगळे. ते 1980 च्या दशकात बंगळुरूकडच्या तलावांत सोडले गेले. गवत्याचं ते काम नाही.

तण कोणतं आणि राखायचं कोणतं ही आपली यादी आहे. गवत्याची यादी त्याच्या जिभेवर आहे. त्या दोन याद्या जुळल्या तर आपण म्हणतो, मासा कामाला आला. न जुळल्या तर तो कुमुदाची कोवळी पानं आणि वॅलिस्नेरिया आधी संपवतो आणि पानकणीस उभंच राहतं.

थोडं दूर जाऊ. हा मासा मूळचा कुठला? रशिया आणि चीनच्या सीमेवरच्या आमूर नदीपासून दक्षिण चीनपर्यंतच्या मोठ्या वाहत्या नद्यांतला. पुराच्या पाण्यात मादी अंडी सोडते. ती पाण्याहून जराशीच जड असतात आणि प्रवाहाने उचलून धरली तरच तरंगत, वाहत, उबतात. प्रवाह थांबला तर खाली बसतात आणि मरतात. म्हणून साचलेल्या तळ्यात गवत्या मोठा होतो, जाड होतो, पण वंश वाढवत नाही. दरवेळी बीज बाहेरूनच आणावं लागतं. 1959 मध्ये हाँगकाँगहून गवत्याच्या बोटुकल्या ओडिशात, कटकच्या मत्स्यसंशोधन केंद्रात आल्या. त्याच्या दोनच वर्षं आधी, 10 जुलै 1957 रोजी, हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशातच पीयूष ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवलं होतं. आजही तो दिवस राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळतात. 1962 मध्ये त्याच रीतीने गवत्याचं बीज भारतातच तयार झालं. आज जिल्ह्याच्या मत्स्यबीज केंद्रावर पिशवीत पाणी आणि ऑक्सिजन भरून मिळणाऱ्या बोटुकल्या त्या वाटेने आलेल्या आहेत.

आणखी दूर. अमेरिकेत, टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या उत्तरेला लेक कॉनरो नावाचा मोठा जलाशय आहे, सुमारे 8,000 हेक्टरांचा. तिथे हायड्रिलाने थैमान घातलं होतं. आपल्या तळ्यातलीच ही वनस्पती. मत्स्यालयांच्या शोभेसाठी 1950 च्या दशकात ती फ्लोरिडात गेली आणि तिथून पसरली. तिथे तिला खाणारं कुणी नव्हतं. मग आशियाच्या तणामागे आशियाचा मासा पाठवला गेला. 1981 आणि 1982 मध्ये लेक कॉनरोत 2 लाख 70 हजार गवत्या सोडले. 1983 संपायच्या आत पाण्याखालची सगळी हिरवळ गेली. सगळी. हायड्रिला गेलं आणि त्याच्यासोबत तिथल्या मूळच्या पाणवनस्पतीही गेल्या. पाण्यात प्लवंग वाढले, पारदर्शकता घटली.

हा ‘सगळी’ शब्द मनात ठेवून आपल्या पाळीवर परत या आणि पाण्याकडे पाहा. पाण्याखालचं रान आहे तोवर गाळ त्याच्या मुळांनी धरलेला आहे, लाटा त्याच्या फांद्यांत विरतात, खत त्याच्या पानांत अडकलेलं आहे. म्हणून तळ दिसतो. रान गेलं की वाऱ्याने गाळ ढवळतो, मोकळं झालेलं खत प्लवंगांना मिळतं, पाणी मुगाच्या वरणासारखं घट्ट हिरवं होतं, त्या गढूळ पाण्यातून ऊन तळापर्यंत पोचत नाही आणि ऊन नाही म्हणून रान पुन्हा रुजत नाही. मार्टन शेफर या डच शास्त्रज्ञाने उथळ तळ्यांच्या या दोन स्थिती 1990 च्या दशकात नीट मांडून दाखवल्या: एक रानाची आणि निवळ, दुसरी प्लवंगांची आणि गढूळ. एकीतून दुसरीत जाणं झटक्यात होतं, परतणं मात्र फार कष्टाचं. आपल्याला हवं असतं ते तिसरंच काहीतरी, रान नाही आणि पाणी मात्र निवळ. खताने भरलेल्या उथळ तळ्यात ते मिळत नाही.

गवत्याला हे ठाऊक नाही. तो आज जितका खाईल तितकाच उद्याही खाईल. थोडं रान राहू द्यावं, ही इच्छा त्याच्यात नाही, असायचं कारणही नाही. शिवाय तो दहा-दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगू शकतो, बिचकरा असतो, जाळं जवळ आलं की त्यावरून उडी मारून निसटतो. सोडणं सोपं, परत धरणं अवघड. अमेरिकेने यावर उपाय काढला तो वंध्य माशाचा. अंडं फलित झाल्यावर काही मिनिटांतच त्यावर प्रचंड दाब दिला, की पिल्लात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात. 48 च्या जागी 72. असा मासा खातो, वाढतो, पण त्याची प्रजा होत नाही. तिथल्या बऱ्याच राज्यांत तेवढाच सोडायची परवानगी आहे. तरीही ईरी सरोवराला मिळणाऱ्या सँडस्की नदीत 2015 मध्ये गवत्याची अंडी सापडली. पूर्वी सोडलेल्या, वंध्य न केलेल्या माशांपैकी काहींना वाहतं पाणी सापडलं होतं.

आपल्याकडची परिस्थिती एका बाबतीत बरी आहे. आपण गवत्या खातो. किलो-सव्वा किलोचा झाला की तो बाजारात जातो, म्हणजे दरवर्षी भूकही तळ्याबाहेर जाते आणि खतही. कॉनरोत मासा नुसता कामगार म्हणून सोडला होता. इथे तो पीक आहे. हा फरक लहान नाही. पण तो टिकतो जाळं वेळेवर पडलं तरच.

आता एक दृश्य बघा, सावकाश. उन्हाळ्यात आटलेल्या मामा तलावाच्या तळात माणसं उतरली आहेत, बायका जास्त. बेशरमाची झुडपं मुळासकट खणून काढताहेत. जमीन नांगरून भुसभुशीत करताहेत. पहिल्या पावसानंतर चिखलात वाकून काहीतरी लावताहेत, धान लावावं तसं. काय लावताहेत? हायड्रिला. वॅलिस्नेरिया. कुमुद. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि तिचे मनीष राजनकर यांनी ढिवरांच्या सोबतीने हे काम त्या भागातल्या अनेक तलावांत केलं आहे. मरळ, शिंगी, वाम असे देशी मासे कमी होत गेले तेव्हा ढिवरांतल्या जाणत्यांनी सांगितलं, की पाण्याखालची झाडं गेली म्हणून मासे गेले. कोणता मासा कोणत्या झाडात अंडी घालतो, कोणत्या झाडाआड त्याची पिल्लं लपतात, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. झाडं का गेली याची कारणं अनेक होती. बाहेरून आणून सोडलेले झाडखाऊ मासे हे त्यांतलं एक.

म्हणजे एका देशात जी वनस्पती संपवायला लाखो मासे सोडले, ती दुसऱ्या देशात माणसं हाताने चिखलात रोवताहेत. यात कुणी शहाणं आणि कुणी वेडं नाही. टेक्सासमध्ये हायड्रिला परकं होतं, भंडाऱ्यात ते घरचं आहे. तिथे ते फार होतं, इथे ते उरलं नव्हतं. गोंदियाच्या तलावांवर महाराष्ट्रातले शेवटचे सारस उतरतात ते नुसत्या पाण्यासाठी नाही. काठाच्या लव्हाळ्यांचे कंद त्यांना लागतात. रान साफ केलेलं तळं सारसाच्या कामाचं नाही.

सुरुवातीला मनात धरून ठेवलेलं ते ‘तण’ आता पुन्हा समोर घ्या आणि आपल्या ओळखीच्या एका खऱ्या तळ्याला लावून पाहा. त्या तळ्यात पाण्याखाली काय आहे? त्यातलं मूळचं किती? सांडव्याचं पाणी कुठे जातं, नाल्याला की नदीला? मासा दरवर्षी कोण काढणार? खत कुठून येतं आणि ते अडवता येईल का? उत्तर लगेच यायला हवं असं नाही. यातल्या काही प्रश्नांची उत्तरं तळ्यावर जाऊनच मिळतात.

माझं मत सांगतो. स्वतःच्या मालकीचं, बंद, दरवर्षी उपसता येणारं तळं असेल आणि त्यात हायड्रिला गच्च झालं असेल, तर गवत्या जरूर सोडावा. थोडे सोडावेत, एक हंगाम वाट पाहावी, रान एक-तृतीयांशाच्या आसपास आलं की मासे काढायला घ्यावेत. तणनाशक ओतून सगळं रान एकदम कुजवण्यापेक्षा आणि त्या कुजण्यात ऑक्सिजन संपवून मासे मारण्यापेक्षा हे शतपटीने बरं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मुळं धरणारं रान सहसा नसतंच. तिथे गवत्या पाळायचा तर बांधावरचं गवत, नेपियर, केळीची पानं रोज कापून टाकायची तयारी हवी. मामा तलावासारखं जुनं, सामायिक, पक्ष्यांचं आणि देशी माशांचं घर असलेलं पाणी मात्र वेगळं. तिथे रान फार झालं तर माणसांनी उतरून ते पट्ट्यापट्ट्याने काढावं, काढलेलं शेतात खत म्हणून न्यावं. तिथे गवत्या सोडू नये.

आणि तुम्ही मच्छीमार संस्थेत असाल, ग्रामपंचायतीत असाल किंवा नुसते त्या गावचे असाल, तरी एवढं करा: यंदाच्या मत्स्यबीजाची मागणी लिहिण्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या ढिवराला सोबत घेऊन तळ्यात कमरेइतक्या पाण्यापर्यंत उतरा, हाताला लागेल त्या प्रत्येक झाडाचं नाव त्याला विचारा आणि यातलं कोणतं ठेवायचं ते त्याच्याकडून लिहून घ्या.